उंटसफारी ठरवताना आधी उंट पाहावा

नाशिकच्या एका गृहस्थांनी विचारले आहे की ते, त्यांच्या पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि सदुसष्ट वर्षांच्या आई असे चौघे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जैसलमेरला जाणार आहेत आणि उंटावरून जाऊन दोन रात्री वाळवंटात मुक्काम करण्याचा त्यांचा विचार आहे. सम गाठावे की खुरी (जैसलमेरजवळची, वाळूच्या टेकड्यांसाठी प्रसिद्ध दोन गावे), आईंना आणि मुलीला हे झेपेल का, सोबत काय न्यावे, असे त्यांचे प्रश्न आहेत. शेवटी त्यांनी मुलीचा एक प्रश्न जोडला आहे : आपण वर बसल्याने उंटाला त्रास होत नाही का? मी गेली बावीस वर्षे दर हिवाळ्यात लहान गट घेऊन थरच्या वाळवंटात जाते. मुलीचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचे उत्तर नीट शोधले की कोठे जावे, कोणाबरोबर जावे आणि किती अंतर चालावे हे निर्णय सोपे होतात.

निरोगी, प्रौढ आणि नीट पोसलेल्या उंटाला एका माणसाचे ओझे जड नसते. पूर्ण वाढलेला नर साधारण साडेचारशे ते साडेसहाशे किलो वजनाचा असतो, आणि जैसलमेरी जातीचा उंट तर पिढ्यान्‌पिढ्या स्वारीसाठीच जोपासला गेला आहे. तो अंगाने हलका, पायांनी लांब आणि चालीला मऊ असतो. ओझ्यासाठी लोक बिकानेरी उंट पसंत करतात, तो अधिक दणकट असतो. त्रास होतो तो ओझ्यामुळे कमी आणि निष्काळजीपणामुळे जास्त : चुकीच्या पलाणामुळे, म्हणजे उंटावरच्या खोगिरामुळे, नाकातील चिघळलेल्या जखमेमुळे, एका उंटावर दोन-तीन माणसे बसवून दिवसभरात दहा-पंधरा वेळा त्याला उठबस करायला लावल्यामुळे, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत चरायला न सोडल्यामुळे. आपल्याकडे अलिबाग-काशीदच्या किनाऱ्यावर दहा मिनिटांच्या फेऱ्या मारणारे उंट पाहिले असतील, तर ही शेवटची दोन कारणे तुमच्या लगेच लक्षात येतील. दोन रात्रींच्या सफारीत उंट दिवसातून चार वेळा उठतो-बसतो, दुपारी तीन तास मोकळा चरतो आणि रात्री रवंथ करत बसतो. म्हणून उंटाचा विचार करूनही मी छोट्या फेरीपेक्षा लांब, संथ सफारीच सुचवते.

आता हे ओळखायचे कसे, ते सांगते. पैसे देण्याआधी उंट पाहायला मागा, आणि शक्य असेल तर पलाण चढवण्याआधी पाहा. मदार म्हणजे पाठीवरचा उंचवटा. त्यात पाणी असते हा समज खोटा आहे, तो चरबीचा साठा असतो. चांगल्या उंटाची मदार भरलेली आणि उभी दिसते. ती एका बाजूला पिशवीसारखी लोंबत असेल तर जनावर अर्धपोटी आहे असे समजावे. मग मदारीच्या दोन्ही बाजू आणि छातीखालची जाड गादी पाहावी, जिच्यावर उंट बसताना भार टाकतो. तेथे ओली जखम, केस गेलेले लालसर चट्टे किंवा माशा घोंगावताना दिसल्या तर तो उंट नको असे स्पष्ट सांगावे. अंगभर खपल्या धरलेली, जाड आणि काळसर कातडी हे खरजेचे लक्षण आहे. उंटांमध्ये ती फार पसरते. नाकात जी लाकडी खुंटी असते तिला तिकडे गिरबाण म्हणतात आणि तिला बांधलेली दोरी आपल्या बैलाच्या वेसणीचे काम करते. तिच्याभोवतीची त्वचा कोरडी असावी, पू किंवा रक्त नसावे.

पलाण हा शब्द आपल्याकडेही आहे आणि तिकडेही आहे. ते लाकडी सांगाड्याचे असते आणि त्याखाली गवताच्या किंवा कापडाच्या गाद्या असतात. पलाण कसल्यावर मागून वाकून पाहावे : त्याचा भार बरगड्यांच्या दोन्ही अंगांवर पडला पाहिजे, आणि मधल्या कण्यावर बोटभर तरी उजेड दिसला पाहिजे. मग पोटाखालचा पट्टा, ज्याला तंग म्हणतात, तो स्वतःच्या हाताने चाचपून पाहावा. माझ्या एका गटात हा तंग मधोमध झिजलेला होता आणि सुतळीने शिवून वेळ मारून नेलेली होती. उंट धोऱ्यावरून, म्हणजे वाळूच्या टेकडीवरून, उतरू लागताच पलाण मानेकडे सरकले आणि एका पन्नाशीच्या बाई खांद्यावरून खाली पडल्या. मनगट मोडले, आणि जैसलमेरच्या रुग्णालयात पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. ज्यांच्याकडून उंट घेतले होते त्यांनी तो पट्टा जुना असल्याचे नंतर मान्य केले. मी तो निघण्यापूर्वी पाहिला असता, तर हे टळले असते. तेव्हापासून प्रत्येक पलाणाचा तंग मी स्वतः तपासते, आणि तुम्हीही तसेच करावे, असे मला मनापासून वाटते.

ओळीने चालताना एका उंटाची वेसण पुढच्याच्या पलाणाला बांधलेली असते. जाणता उंटवाला ती थेट बांधत नाही. मध्ये बारीक दोरा घालतो, म्हणजे मागचा उंट अचानक थांबला तर दोरा तुटतो आणि नाक फाटत नाही. हा दोरा आहे का, एवढे एकच पाहिले तरी समोरचा माणूस आपल्या जनावराची किती काळजी घेतो, हे पुष्कळसे कळते.

डिसेंबरमध्ये जाणार असल्याने आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. हिवाळा हा उंटांच्या माजाचा काळ आहे. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत नर उंट माजावर येतो. त्याच्या तोंडाला फेस येतो, तो घशातून गुडगुड आवाज काढतो, टाळूचा लालसर भाग फुग्यासारखा फुगून तोंडाच्या कडेने बाहेर येतो, आणि डोक्यामागच्या ग्रंथींतून काळपट, उग्र वासाचा स्राव पाझरतो. अशा काळात एरवी शांत असलेला उंटही दुसऱ्या नरावर धावून जातो किंवा चावतो, आणि त्याचा चावा गंभीर असतो. ही लक्षणे दिसणाऱ्या उंटावर मुलीला मुळीच बसवू नये. तिच्यासाठी सांढणी, म्हणजे मादी, किंवा वयस्क आणि थंड स्वभावाचा नर मागावा आणि त्याची दोरी उंटवाल्याच्या हातात राहील असे आधीच ठरवावे.

सम की खुरी, याचे उत्तर आता देता येईल. सम जैसलमेरच्या पश्चिमेला सुमारे 40 किलोमीटरवर आहे आणि तेथील धोरे खरोखर देखणे आहेत, परंतु डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तेथे गाड्यांची रांग, ओळीने उभारलेले तंबू, मोठ्या आवाजातील संगीत आणि वाळूवर धावणाऱ्या जीपगाड्या असतात. तेथील बहुतेक उंट सूर्यास्तापूर्वीच्या दोन तासांत फेऱ्यांवर फेऱ्या मारतात. ज्यांना एक संध्याकाळ आणि कालबेलिया या भटक्या जमातीचे नृत्य एवढेच हवे आहे त्यांच्यासाठी ते ठीक आहे. तुम्हाला दोन रात्री हव्या आहेत, म्हणून तुम्ही खुरीकडे जावे. हे गाव जैसलमेरच्या नैऋत्येला आहे, तेथे काही घरांतूनच राहण्याची आणि उंटांची सोय होते, आणि उंट ज्याचा आहे त्याच्याशी समोरासमोर बोलता येते. अर्थात वर्षअखेरीस खुरीच्या मुख्य धोऱ्यावरही गर्दी असते. म्हणून मुक्काम त्या धोऱ्यावर न करता आत, लहान वस्तीजवळच्या वाळूवर करायचा, हे आधीच ठरवून घ्यावे आणि डांबरी रस्त्यापासून ते ठिकाण किती दूर आहे हे स्पष्ट विचारावे. एकदा मला ‘अगदी निर्जन जागा’ म्हणून दाखवलेले ठिकाण रस्त्यापासून जेमतेम तीनशे मीटरवर निघाले आणि रात्री बारापर्यंत पलीकडच्या तंबूंतील ध्वनिवर्धक ऐकू येत राहिले.

सम आणि खुरी दोन्ही राष्ट्रीय मरुउद्यानाच्या परिसरात येतात. सुमारे 3162 चौरस किलोमीटरचे हे संरक्षित क्षेत्र 1980 साली घोषित झाले आणि आपला माळढोक, ज्याला तिकडे गोडावण म्हणतात, त्याचा हा शेवटचा मोठा आसरा आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला एके काळी जो पक्षी सहज दिसे, तो आज तेथे क्वचितच आढळतो, हे महाराष्ट्रातल्या पक्षिप्रेमींना ठाऊकच आहे. सफारीत गोडावण दिसेलच असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये, आणि कुंपण घातलेल्या राखीव भागात शिरण्याचा आग्रह तर मुळीच धरू नये. चिंकारा, खोकड, गिधाडे आणि सकाळी पाण्यावर येणारे पखुर्डीचे थवे मात्र चांगल्या वाटेवर दिसतात. पुढे सीमेकडच्या पट्ट्यात परवानगीशिवाय जाता येत नाही. चौघांची ओळखपत्रे जवळ ठेवावीत आणि उंटवाला ‘पुढे जाऊ नका’ म्हणाला की तेथेच थांबावे.

वाळवंट म्हणजे क्षितिजापर्यंत वाळूच्या लाटा, अशी कल्पना घेऊन आलात तर पहिल्या दिवशी थोडी निराशा होईल, म्हणून आधीच सांगते. जैसलमेरच्या भोवतालचा बराच मुलूख खडकाळ माळ आणि मुरमाड पठार आहे. धोरे मधूनमधून येतात. पण तो माळ पाहण्यासारखा आहे, आणि उंटावरून तो जितका नीट दिसतो तितका जीपमधून दिसत नाही. ज्या शमीची आपण दसऱ्याला पूजा करतो तीच तिकडची खेजडी. तिच्या शेंगा म्हणजे सांगरी, आणि केर नावाच्या काटेरी झुडपाच्या फळांबरोबर केलेली तिची भाजी तुमच्या ताटात येईल. रुईला तिकडे आक म्हणतात. सेवण गवत, फोगाची झुडपे आणि दाट सावलीचे पिलूचे झाड, ज्याला तिकडे जाळ म्हणतात, ही सगळी नावे उंटवाल्याकडून मुलीला ऐकू द्यावीत, कारण उंट चालता चालता मान वळवून ज्या ज्या झाडाला तोंड लावतो त्याचे नाव आणि गुण तो सांगू शकतो. वाटेत खडीन दिसले तर उतरून पाहावे. उताराच्या टोकाला मातीचा लांब बांध घालून पावसाचे वाहते पाणी अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा, ही पालीवाल ब्राह्मणांनी रुजवलेली पद्धत आहे. जेथे वर्षाला वीस सेंटिमीटरही पाऊस पडत नाही अशा मुलखात हरभऱ्याचे हिरवे शेत पाहून माझ्याबरोबर आलेले आपल्याकडचे शेतकरी तेथून हलायला तयार नसत. कुलधरा हे पालीवालांचे सोडून दिलेले गाव जैसलमेरपासून सुमारे 18 किलोमीटरवर आहे. ते सफारीच्या आदल्या दिवशी पाहिले तर खडिनाचा अर्थ अधिक उलगडतो.

तुमच्या आईंविषयी मी सावधपणे लिहिते. सदुसष्ट हे वय अडचणीचे नाही. गुडघे, कंबर आणि हाडांची घनता यांची स्थिती काय आहे त्यावर सगळे अवलंबून आहे. उंटावर बसणारा माणूस जमिनीपासून दोन मीटरहून अधिक उंचीवर असतो आणि मांड्या रुंद फाकवून बसावे लागते, त्यामुळे खुब्याचे दुखणे असलेल्यांना पंधरा मिनिटांतच असह्य होते. उंट चालताना एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम उचलतो, म्हणून त्याची चाल घोड्यासारखी उडती नसून बाजूंना डोलणारी असते, आणि हा झोका कमरेला सतत बसतो. कण्यातील चकती सरकलेली असेल, हाडे ठिसूळ असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, तर उंटावर बसू नये. गरोदर स्त्रियांनीही बसू नये. परंतु म्हणून आईंनी हॉटेलवर थांबायचे कारण नाही. तिकडे ऊंटगाडा असतो : लांब, सपाट गाडी, जिला बहुतेकदा विमानांची जुनी चाके बसवलेली असतात आणि म्हणून ती वाळूत रुतत नाही. त्यावर गादी, लोड आणि गोधडी घालून आई आरामात बसतील, सामान आणि पाणीही त्यातच जाईल, आणि मुलगी थकली तर आजीजवळ येऊन बसेल. तुमच्या कुटुंबासाठी तीन उंट आणि एक ऊंटगाडा ही मला सर्वांत योग्य व्यवस्था वाटते. गाड्याची वाट धोऱ्यांवरून जात नाही, पायथ्याने जाते, एवढे लक्षात ठेवून मुक्कामाची जागा गाडा पोहोचेल अशीच निवडायला सांगावी.

बसण्या-उतरण्याचे तंत्र निघण्यापूर्वी मुलीला दोनदा करून दाखवावे, कारण बहुतेक अपघात चालताना न होता याच वेळी होतात. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार जोराने पुढे फेकला जातो. तेव्हा अंग मागे रेलून, पलाणाचा पुढचा खुंट दोन्ही हातांनी घट्ट धरावा. लगेच पुढचे पाय उठतात आणि झोका मागे जातो. बसताना क्रम उलटा : पुढचे गुडघे आधी टेकतात, म्हणून पुन्हा मागे रेलावे. या वेळी हातात कॅमेरा, मोबाइल किंवा पाण्याची बाटली नसावी. रिकीब असेल तर पाय त्यात टाचेपर्यंत घालू नये. फक्त चवडा टेकवावा, म्हणजे पडण्याची वेळ आली तर पाय अडकत नाही. चालताना अंग ताठ न ठेवता कंबर सैल सोडावी आणि झोक्याबरोबर जाऊ द्यावी. दर पाऊण तासाने सर्वांनी उतरून निदान पंधरा मिनिटे चालावे. मी स्वतः निम्मी वाट पायीच चालते; उंटाला मोकळीक मिळते, मांड्या आखडत नाहीत, आणि वाळूवरच्या पाऊलखुणा वाचता येतात.

वेळेचे गणित असे ठेवावे. उंट चालीने ताशी चार-पाच किलोमीटर जातो. सकाळी दोन तास आणि दुपारनंतर दोन तास एवढाच प्रवास ठरवला, तर दिवसाला 16 ते 20 किलोमीटर होतात आणि कुटुंबासाठी ते पुरेसे आहेत. डिसेंबरच्या अखेरीस तेथे सूर्य संध्याकाळी सहाच्या आधी मावळतो आणि सकाळी सव्वासातनंतर उगवतो, त्यामुळे पाच वाजेपर्यंत मुक्काम गाठलाच पाहिजे. अंधारात चूल, अंथरुणे आणि आईंची बसण्याची जागा शोधत बसणे बरे नव्हे. दुपारी बारा ते तीन सावलीत थांबावे. त्या वेळी उंटांचे पुढचे दोन पाय सैल दोरीने बांधून त्यांना चरायला सोडतात. हे पाहून मुलगी अस्वस्थ झाली तर तिला सांगावे की त्यामुळे ते लहान पावले टाकत चरतात आणि मैलोन्‌मैल निघून जात नाहीत. उंट पाणी पीत नाही म्हणून काळजी वाटेल. हिवाळ्यात हिरवा पाला मिळत असेल तर त्याला कित्येक दिवस पाण्याची गरज पडत नाही, आणि तहानलेला असेल तेव्हा तो काही मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो. शरीराचे तापमान सुमारे 34 ते 41 अंशांपर्यंत बदलू देऊन तो घामावाटे जाणारे पाणी वाचवतो. माणसाचे तसे नाही. थंडी असली तरी माणशी रोज चार लिटर पाणी धरावे, कारण कोरड्या हवेत घाम जाणवतच नाही.

रात्रीच्या थंडीला कमी लेखू नये. दिवसा 22-24 अंशांचा सुखद उबारा असतो, पण पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो आणि वाळू वरून दगडासारखी गार पडते. रजया किती मिळणार ते विचारावे आणि माणशी दोन मागाव्यात, एक खाली अंथरायला आणि एक पांघरायला. आईंसाठी खाट न्यायला सांगावी, गाड्यात ती मावते. कानटोपी, लोकरी मोजे आणि थर्मलचा एक जोड पुरतो. दिवसासाठी जाड शिवण नसलेली सैल सुती विजार, पूर्ण बाह्यांचा सदरा, गॉगल, आणि डोके-तोंड गुंडाळता येईल असे लांब उपरणे किंवा ओढणी हवी; अर्धी चड्डी घालून उंटावर बसल्यास दोन तासांत मांड्या सोलवटतात. पलाणावर घालायला एक जास्तीची चादर घ्यावी. चाकांची बॅग शहरातच ठेवावी. शौचासाठी वस्तीपासून आणि पाण्याच्या बेरीपासून, म्हणजे उथळ विहिरीपासून, दूर जाऊन वीतभर खड्डा खणावा आणि बुजवावा. स्त्रियांनी वापरलेले पॅड मात्र पुरू नयेत, कुत्री आणि कोल्हे ते उकरतात. ते वेगळ्या पिशवीत परत आणावेत. प्लास्टिकचा एक कपटाही मागे ठेवू नये. शेळ्या, गायी आणि उंट ते खातात आणि पोटात गोळा होऊन मरतात.

सापांची भीती अनेकांना वाटते. कोकणात ज्याला आपण फुरसे म्हणतो तो साप थरमध्येही आहे, आणि निशाचर मण्यारीच्या जातीचा साप तेथे ‘पीवणा’ म्हणून ओळखला जातो. तो झोपलेल्याचा श्वास पितो, असा लोकसमज आहे. प्रत्यक्षात या जातीचा दंश इतका बारीक असतो की झोपेत कळत नाही, आणि त्यातूनच हा समज आला असावा. डिसेंबरच्या थंडीत साप बहुतेक बिळातच असतात. तरीही रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नये, सकाळी बूट झटकून मगच घालावेत, आणि काही झालेच तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता थेट जैसलमेरच्या रुग्णालयात जावे. त्यासाठी मुक्कामाच्या जागी जीप किती वेळात पोहोचेल आणि फोनला नेटवर्क कोठे मिळते, हे दोन प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारलेले असावेत.

आता पैशाविषयी, कारण तेथे मी थोडी आग्रही आहे. देशातील उंटांची संख्या 2012 च्या पशुगणनेत सुमारे चार लाख होती. 2019 मध्ये ती अडीच लाखांवर आली, आणि त्यांतले बहुसंख्य राजस्थानात आहेत. ट्रॅक्टर आणि रस्ते आले, इंदिरा गांधी कालव्यामुळे चराईचे माळ शेतीखाली गेले, आपल्या देवरायांसारखी जी ओरणे होती त्यांच्यावरही सौर आणि पवनऊर्जेच्या प्रकल्पांचा ताण आला. राजस्थान सरकारने 2014 मध्ये उंटाला राज्यपशूचा मान दिला आणि 2015 मध्ये त्याच्या कत्तलीवर बंदी घालणारा व राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आणणारा कायदा केला. हेतू रक्षणाचा होता, पण नर उंटांचे गिऱ्हाईकच आटले आणि पुष्करच्या मेळ्यात भाव कोसळले. राजस्थानचे लोकदेव पाबूजी यांनी उंट आणले असे मानणाऱ्या आणि पिढ्यान्‌पिढ्या कळप सांभाळणाऱ्या राईका-रेबारी कुटुंबांतील तरुण आता हा व्यवसाय सोडत आहेत. (विदर्भात मेंढ्या आणि उंट घेऊन फिरणारे रबारी तुम्ही पाहिले असतील, ते कच्छकडचे, पण नाते याच समाजाचे.) सांढणी तेरा महिने गाभण राहते आणि साधारण दोन वर्षांतून एकदा विते, त्यामुळे एकदा कळप विकला की तो पुन्हा उभा राहणे कठीण असते. जे जनावर काही कमावून देत नाही ते गरीब घर फार काळ पोसू शकत नाही. म्हणून मुलीने पुढे विचारलेच की मग आपण बसावे की नाही, तर माझे उत्तर आहे : बसावे, पण उंट ज्याचा आहे त्याच्या हातात रास्त मोबदला पडेल अशा रीतीनेच बसावे. सफारी ठरवताना ‘उंटवाल्याला यांतले किती मिळणार’ हे थेट विचारावे. उत्तर टाळले गेले तर दुसरीकडे जावे. सर्वांत स्वस्त सफारीची झळ शेवटी उंटाच्या वैरणीला आणि उंटवाल्याच्या मजुरीलाच लागते. घासाघीस तंबूच्या भाड्यावर करा, उंटावर करू नका.

जेवणाची काळजी नसावी. बाजरीची जाड भाकरी, कढी, डाळ, बटाट्याची किंवा केर-सांगरीची भाजी, कधी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली बाटी. आपल्या माणसांना हे जेवण लगेच रुचते. भांडी वाळूने घासतात हे पाहून नाक मुरडू नये. कोरडी वाळू तेल उत्तम काढते आणि पाणी वाचते. मांगणियार या पारंपरिक गायक समाजाचे कलाकार जवळच्या गावात असतील तर दुसऱ्या रात्री त्यांना बोलवावे. त्यांच्या कमायच्याचा, म्हणजे गजाने वाजवायच्या तंतुवाद्याचा, सूर ध्वनिवर्धकाशिवाय, चुलीच्या उजेडात ऐकण्याचाच आहे. मानधन आधी ठरवून सन्मानाने द्यावे आणि मध्येच फर्माइशी करू नयेत. जेवणानंतर चूल विझली की आकाश पाहावे. तुमची तिथी अमावास्येच्या जवळची असेल तर फारच उत्तम : कृत्तिका, रोहिणी, मृग आणि त्यामागून येणारा व्याध हे सारे संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत वर चढत जातात, आणि मध्यरात्रीनंतर जाग आलीच तर दक्षिण क्षितिजालगत अगस्तीचा तारा दिसतो.

मुलीसाठी एक काम सुचवते. तिसऱ्या दिवशी परत येताना उंटाला काही खाऊ द्यावासा तिला वाटेल. बिस्किटे किंवा उरलेल्या पोळ्या देऊ नयेत. जैसलमेरहून निघतानाच पाव किलो गूळ घ्यावा, उंटवाल्याला विचारावे, आणि पलाण उतरवून झाल्यावर सपाट तळहातावर लहान खडा ठेवून, बोटे मागे वळवून, समोरून न जाता मानेच्या बाजूने उभे राहून तिने तो द्यावा. उंटाचे नाव तिने पहिल्याच दिवशी विचारून ठेवलेले असावे.